आजीला पढवतंय कोण?

आमच्या वॉर्डच्या हेड सिस्टरला सगळे पाठीमागे फौजदारीण म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. माझी निम्मी नोकरी तिच्या हाताखाली गेली, म्हणून सांगते: बाई कामाला वाघ, पण संशय तिच्या हाडीमाशी खिळलेला. पेशंटला 'जेवलात का' असं विचारायची आणि उत्तर यायच्या आत ताटात डोकावून बघायची.

नातेवाइकांवर तर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "आजारी माणूस घरच्यांच्या तोंडाकडे बघून बोलतं," असं तिचं म्हणणं. म्हणून महत्त्वाचा प्रश्न ती अंग पुसताना विचारायची. घरच्यांना बाहेर काढायचं, पडदा ओढायचा आणि पाठीवरून ओलं फडकं फिरवता फिरवता हळूच विषय काढायचा. या युक्तीने तिने भल्याभल्यांच्या मनातलं बाहेर काढलं होतं.

एकदा शिवणकाम करणारी एक आजी दाखल झाली. मधुमेहाने पाऊल काळं पडलेलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर पसरून जीव जाईल. आजीऐवजी तिचा मुलगा बोलला, तोही जमिनीकडे बघत.

"आई नको म्हणते. देवाने दिलेलं शरीर त्याला होतं तसंच परत करायचं, अशी तिची श्रद्धा आहे."

"आई म्हणते की हा म्हणतो?" फौजदारीण मला बाजूला घेऊन पुटपुटली.

माझ्याही मनात पाल चुकचुकली. मुलगा सारखा आजीच्या कानाला लागलेला असायचा आणि आम्ही जवळ गेलो की गप्प व्हायचा. चांगलं बोलणाऱ्या माणसाला गप्प कशाला व्हावं लागतं?

दुसऱ्या दिवशी पडद्याआड फौजदारणीने विचारलं, "आजी, खरं सांगा. हा नकार तुमचा की मुलाचा?"

"माझाच. देव माझा, पायही माझा."

"घाबरू नका, तो बाहेर आहे."

"अगं बाई, त्याला कशाला घाबरू? पोटचा पोर आहे तो माझा."

फौजदारणीला हे पटेना. "पक्की पढवलीय," ती म्हणाली. संसर्गाचं कारण सांगून तिने मुलाला भेटीच्या वेळीही आत सोडणं बंद केलं. बिचारा बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. इकडे रोज अंग पुसताना तोच प्रश्न. आजी रोज नकोच म्हणायची, पण आवाज बारीक होत चालला होता. शेवटी एका सकाळी ती म्हणाली, "बरं, कापा."

फौजदारणीची कळी खुलली. "बघितलंस? पोरगा दूर झाला आणि मन मोकळं झालं!"

ऑपरेशनला नेताना स्ट्रेचर मी ढकलत होते, ती शेजारून चालत होती. आजीने तिचा हात धरला. "सिस्टर, आता तरी माझ्या पोराला भेटू द्याल ना? तुमच्या मनासारखं बोलले मी."

फौजदारणीचा चेहरा खर्रकन उतरला. ऐकलं न ऐकलं करता आलं असतं, पण तिने तसं केलं नाही. आत जाऊन तिने डॉक्टरांना सांगितलं, "हा होकार आजींचा नाही, मी वदवून घेतलाय." डॉक्टर भडकले, पण त्यांनी मुलाला बोलावून आजीला पुन्हा विचारलं. मुलाचा हात घट्ट धरून आजी नाही म्हणाली. आम्ही स्ट्रेचर परत फिरवलं. पुढे फार दिवस गेले नाहीत, ताप चढत गेला आणि आजी गेली.

मुलगा सामान न्यायला आला तेव्हा फौजदारणीने त्याची माफी मागितली. तरी जित्याची खोड तिला गप्प बसू देईना.

"एक विचारू? तुम्ही त्यांच्या कानात काय सांगत होता?"

त्याने गोंधळून हातातलं सामान खाली ठेवलं. मग म्हणाला, "पाय काढू दे म्हणून विनवत होतो. तुमच्यासमोर बोललो असतो तर तिला वाटलं असतं, हाही यांना सामील झाला. जरा नरमली होती हो ती. तेवढ्यात तुम्ही मला बाहेर काढलंत."