कुणाच्या हातानं

"काका, मागच्या दारानं या. पुढं शूट चाललंय."

महादेवपुऱ्यातलं फर्निचरचं दुकान. खांद्यावर दोन सागवानी पाट्या, मीच कोरलेल्या. वय बहात्तर. पुढचं दार सताड उघडं, तरी मागून गेलो. त्या दिवशी गेलो.

मालक पुण्याचा. पोरगेलासाच, पण ग्रीक शिकलेला, तेही जुनं. पाट्यांवर त्याचाच शब्द होता, खेइरोपोइएतोस. चिकपेटला माझ्या दुकानात येऊन समजावला होता, बालवाडीत समजावतात तसा. "दोन शब्द जोडलेत, काका. हात, आणि केलेलं. म्हणजे हातानं केलेलं. पुरुष असो, बाई असो, रूप तेच. वस्तू असली की शेवट बदलतो, खेइरोपोइएतोन. म्हणून पाट्या दोन. तुम्हाला नाही कळायचं. नुसतं कागदावरून उतरवा."

उतरवलं. शाळा चौथीत सुटली माझी, पण अक्षराला कुठं पोट असतं ते पटाशीला कळतं. कोपऱ्यात तीन टोचे मारले. आमच्या घराची खूण ती, बापापासूनची.

आणि आता हा कॅमेऱ्यापुढं उभा. हातात माझी पटाशी, माझ्याच पिशवीतून उचललेली. उलटी धरलेली. "आमच्याकडं सगळं हातानं होतं."

कॅमेरावाली इथलीच, कन्नड पोरगी. तिनं सहज विचारलं, "यारु माडिद्दु?" कुणी केलं?

"अवर टीम."

"मी," मी म्हणालो.

हसले सगळे. "काका, स्वल्प फ्रेमच्या बाहेर." मग मालक पाटीच्या कोपऱ्यावर, माझ्या टोच्यांवर बोट ठेवून म्हणतो, "आणि हे डाग घासून टाका हं. शब्द क्लीन दिसू दे."

डाग! हाताच्या नावावर धंदा मांडलेला माणूस, आणि हाताची खूण त्याला डाग. एवढं ग्रीक वाचून अक्कल ही.

त्याच्या हातातली पटाशी काढून घेतली. पाट्या उचलल्या. कॅमेऱ्यापुढूनच बाहेर पडलो.

दोन दिवसांनी फोन. "सरी, ठीक आहे काका, खूण राहू दे. पण मागच्या बाजूला."

"पुढं," मी म्हणालो. "आणि खूण नाही. नाव."

ठेवला त्यानं फोन.

खरं सांगतो, त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त आला. टोचे मारून गप्प बसायचं बापानं शिकवलं. पन्नास वर्षं मी त्याला इमान समजलो. भ्यालेलो होतो आम्ही, दुसरं काही नाही.

आता पाटी कुणाचीही असो. त्याचं नाव जेवढं खोल, तेवढंच माझं. पुढच्या अंगाला, पूर्ण. नको असेल त्यानं मशीनवर कापून घ्यावं. चार गिऱ्हाइकं परत गेली. पाचव्यालाही आधी हेच सांगणार.