आजींच्या पायाचा अंगठा

आजींचं म्हणणं सरळ होतं. सुनेनं बाळाचं डोकं तेल लावून चोळलं नाही, मोहरीच्या उशीवर निजवलं नाही, म्हणून ते असं उभट झालं.

"इनी आळस करा, बेन," त्या मला म्हणाल्या. "आते इले माहेरले धाडी देतस आम्ही."

नव्वदच्या दशकात सुरतच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात मी जेनेटिक्सची ओपीडी चालवत होते. हे कुटुंब शहरातल्याच डिंडोली भागातलं, मूळ खानदेशातलं. आजींचा मुलगा कापडाच्या लूमवर कामाला, ड्यूटी सोडून आला नव्हता. सून सुनंदा चार महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन त्याचं टोपरं सारखं पुढे ओढत होती.

जन्मतः कवटीची हाडं सुटी असतात. मधल्या फटींना आम्ही सूचर म्हणतो. मेंदू वाढतो तशी कवटी तिथून वाढते. या बाळाच्या काही फटी आधीच सांधल्या होत्या आणि मेंदूला जागा पुरत नव्हती. तेलाचा, उशीचा काही संबंध नव्हता. मुंबईला नेऊन लवकर ऑपरेशन करायला हवं होतं, आणि हे लोक बाळाच्या आईलाच घालवायला निघाले होते.

मीही काही फार शहाणी नव्हते. अर्धा तास सुनंदालाच पिळत बसले. गरोदरपणात गोळ्या? ताप? नात्यात लग्न? बाळाच्या हातापायांचे अंगठे रुंद होते, म्हणून तिचे तपासले. अगदी नॉर्मल निघाले. जीनची तपासणी तेव्हा आमच्याकडे होत नव्हती. डोळे, मोजपट्टी आणि वंशावळ, एवढ्यावर भागवायचं.

तेवढ्यात आजींनी दमून एक पाय बाकावर घेतला. चपला बाहेर काढलेल्या. पायाचा अंगठा रुंद, चपटा, शेजारच्या बोटापासून फटकून. मी बाळाचं पाऊल त्याच्या शेजारी धरलं.

आजी बघत राहिल्या. "मनी मायना बी असाच अंगठा व्हता," त्या हळूच म्हणाल्या. मग जरा घुश्शात, "पण मना डोकाले तं काही नही व्हयनं."

मी समजावलं की एकाच घरातला तोच दोष कुणाच्या नुसत्या अंगठ्यावर दिसतो, कुणाच्या कवटीवर. तो रक्तातून येतो, कुणी मुद्दाम देत नाही. यात आजींचाही अपराध नाही.

"म्हणजे मनी चूक नव्हती?" सुनंदानं विचारलं. नाही म्हणाले, तर ती पदरात तोंड लपवून रडली. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आजींचा मुलगा आला. त्याचेही अंगठे तसेच. पुढच्या मुलात हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी, हेही त्याला सांगितलं.

ऑपरेशन छान झालं. मुंबईला सुनंदासोबत आजीच गेल्या. फॉलोअपला आल्या तेव्हा बाहेरच्या बाकावर एका अनोळखी सासूला आपला पाय दाखवून सांगत होत्या, "सूनले नको बोलू बाई, पहिले सोतानं आंग दखाड."

तेव्हापासून वंशावळ काढताना मी सर्वांत जास्त आरोप करणाऱ्या माणसापासून सुरुवात करते. वेळ वाचतो.