सुभेदारांना तिरपं बघवत नव्हतं

"आकाशगंगा बंद पडली का हो?" रेकॉर्डरच्या कागदावरची सपाट रेघ बघून पुण्याहून आलेल्या माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं. "या आठवड्यात काही निघालं नाही, तर अँटेना पुण्याला परत. तुमची फेलोशिपही संपली समजा."

सत्तरच्या दशकात कवठे महांकाळजवळच्या माळावर आम्ही अँटेना बसवला होता. पत्र्याचं मोठं नरसाळंच ते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. फेलोशिप गेली हे वडिलांना कोणत्या तोंडाने सांगणार?

काम समजायला सोपं होतं. झाडाला बांधलेली दोरी वर-खाली हलवली तर लाट उभी जाते, डावी-उजवीकडे हलवली तर आडवी. आकाशगंगेतून येणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरींचा काही भाग असाच एका ठराविक दिशेत हलतो. याला पोलरायझेशन म्हणतात. अँटेना एकाच दिशेचं हलणं पकडतो. म्हणून तो जागेवरच थोडा तिरपा फिरवायचा आणि ओढ्यापलीकडच्या खोलीत जाऊन रेघ बघायची. ती वर-खाली व्हायला हवी. आमची ढिम्म.

राखणीला जमिनीचे मालकच होते, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मी त्यांना आधीच विचारलं होतं, "अँटेनाला कुणी हात लावतं का?"

"मी सोडून कुणाची छाती हाय?"

मी निश्चिंत झालो होतो.

त्या दुपारी सरांनी सुभेदारांकडचा खर्डा मनापासून खाल्ला. मी अँटेना फिरवून खोलीत गेलो. सर घाईने डबा घेऊन घायपाताआड गेले आणि थोड्या वेळाने तो डबा हिंदकळवत पळत आले.

"अहो, तुमचा सुभेदार अँटेना सरळ करतोय!"

आम्ही धावलो. अँटेना मी ठेवला होता तसाच तिरपा. शेजारी सुभेदार सावधानमध्ये.

"मी डोळ्यांनी पाहिलं!" सर म्हणाले.

"व्हय सायेब, केला सरळ. ह्ये रोज तिरपा करून जात्यात. फौजेत तंबूची खुंटी तिरपी दिसली तर पळवायचे आमाला. बघवत न्हाई."

"मग आता तिरपा कसा?"

"तुमी येताना दिसला की परत तसाच करतो. इन्स्पेक्शनला सायबाला पायजे तसं."

सरांनी कपाळाला हात लावला. मग चुना मागवून अँटेनाच्या कड्यावर खुणा केल्या. "सुभेदार, हे सांगतील त्या खुणेला जुळला, की तो सरळ. समजलं?"

"जी सायेब!"

त्यानंतर मी लावलेल्या खुणेवरून अँटेना केसभरही सरकला नाही. खूण बदलली, की रेघ वर-खाली होऊ लागली.

"काय घावलं?" सुभेदारांनी विचारलं.

"लहरी एका दिशेत हलतायत."

"म्हंजे लायनीत हायत. मग एवढे दिस कशाला घालवलं? मला इचारायचं की."

फेलोशिप टिकली. तेव्हापासून कुठंही नवं यंत्र बसवलं, की मी आधी राखणदाराची जुनी नोकरी विचारतो.