कपाटाचा वास

आमच्या ह्यांचा एक धाकटा मित्र विकत घ्यायला घर बघायला गेला की आधी भिंतीतलं कपाट उघडायचा, आत डोकं घालायचा आणि जोरात वास घ्यायचा. टेक्सासमधल्या शुगर लँड गावातले आम्ही सगळे मराठी लोक हसायचो.

"अरे, घर घेतोयस की आंबे?" हे विचारायचे.

"दादा, पुराचं पाणी शिरलेल्या भिंतीला रंग मारता येतो. वासाला काय मारणार?"

शेवटी त्याने आमच्याच गल्लीत, जरा उंचावर, साधंसं पहिलं घर घेतलं. आम्ही मात्र मागच्या ओढ्यावर भाळून आमचं घेतलं होतं.

हे वारल्यावर त्याला आणि त्याच्या बायकोला गराज आवरण्यावरून भांडताना पाहिलं, तरी माझ्या पोटात दुखायचं. मग एका पावसात ओढा आमच्या घरात आला. त्याच्या दारात चिखलसुद्धा नव्हता.

पाणी ओसरल्यावर तो आला. ह्यांचं कपाट उघडून त्याने नेहमीसारखा वास घेतला. आता हा सुनावणार, असं मला वाटलं.

"वहिनी, शर्टांना अजून दादांचा वास आहे. इथे राहिले तर कुबट होतील. आमच्याकडे टांगू?"

मला 'हो' म्हणावं लागलं. आता ते शर्ट त्याच्या कोरड्या कपाटात आहेत, आणि मला त्या कपाटाचा हेवा वाटतो.