हाताला विचार

लिंबू कापलं की मला अंधेरीचा टायपिंग क्लास आठवतो. सत्तर सालच्या आसपास वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून मी एकटीच तिथे जायचे. निघताना हातांना लिंबू चोळायचे, मासळीचा वास जावा म्हणून.

वेगात मी सगळ्यांच्या पुढे होते. एकदा सरांनी कोरे कागद वाटले आणि मशीनवरचं प्रत्येक अक्षर त्याच्या जागी लिहायला सांगितलं. मला एकही आठवेना. शेजारची हळूच म्हणाली, "वाट लागली ना हिची."

तेव्हा आई डोळ्यांपुढे आली. बाजारात गिऱ्हाइकाशी बोलत, खाली न बघता ती कोलंबी सोलायची. कसं जमतं विचारलं की म्हणायची, "मना काय म्हाईत? हाताला इचार."

मी डोळे मिटले आणि रिकाम्या टेबलावरच एकेक शब्द टाइप करत गेले. बोट जिथे पडेल, तिथलं अक्षर कागदावर उतरवलं. पाहता पाहता कागद भरला.

सरांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

"आईने. ती बाजारात मासळी विकते."

बरोबर आलेल्या त्या कागदाचं आता फारसं काही वाटत नाही. अभिमान वाटतो तो दुसऱ्या दिवसाचा. त्या दिवशी मी लिंबू न चोळता क्लासला गेले.