चाळीस चित्रं आणि दारातली खुर्ची

एक होतं जळगाव. तिथे राहायची एक म्हातारी, तिचा ड्रॉइंग मास्तर मुलगा प्रकाश आणि त्याची चाळीस चित्रं. म्हातारी म्हणजे मी. प्रदर्शनाच्या दारात खुर्ची टाकून बसलं की असले किस्से साठत जातात. लिहिता येत नाही म्हणून एकेकाची पदराला गाठ मारावी, तर पदर पुरत नाही.

शाळेने चित्रकलेचा तास बंद केला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून प्रकाशने एक रेघ ओढली नव्हती. म्हणाला, "माय, आहेत ती चित्रं एकदा जळगाव-धुळ्याला लावतो. कोणी मनापासून पाहिली तर ठीक, नाहीतर हा नाद सोडला." जेवणाखाण्याची शुद्ध नाही त्याला, म्हणून मी सोबत.

जळगावला उद्घाटनाला एक साहेब आले. फीत कापली, चित्रांकडे पाठ करून फोटो काढले, चहा घेतला, गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मागे पोळ्याच्या बैलाचं चित्र होतं आणि त्याची शिंगं बरोबर साहेबांच्या डोक्यावर आलेली. लगेच फोन आला, "मास्तर, तो बैल तेवढा उतरवून ठेवा."

चाळीसातलं एकच चित्र पाहिलं साहेबांनी, तेही पेपरात.

मे महिना होता. एका दुपारी हॉल गच्च भरला. प्रकाश हरखला, "माय, मेहरूणहून माणसं आलीत." मी बघत होते, बठ्ठे, अगदी सगळेच, कूलरसमोरच्या एकाच चित्रापुढे उभे. मग लाइट गेली. पाच मिनिटांत हॉलमध्ये आम्ही दोघंच.

"अंधारात चित्रं कोण बघणार?" प्रकाश म्हणाला.

खिडक्यांतून नुसतं ऊन सांडत होतं.

रावेरकडचे एक नाना मात्र केळीच्या बागेच्या चित्रापुढे अर्धा तास उभे होते. प्रकाश हळूच जवळ गेला. नाना म्हणाले, "मास्तर, घड एवढा मोठा आन् टेकू नही? वारं आलं का झाड आडवं व्हईन."

"नाना, पण चित्र कसं वाटलं?"

"चित्रातलं मले काय समजते? मले झाडाची कायजी."

मग धुळे. तिथे एक मॅडम कॉलेजच्या मुली घेऊन आल्या. एका चित्रातल्या आभाळावर तपकिरी डाग होता. मॅडम म्हणाल्या, "बघा, कलाकाराच्या मनातला अंधार कसा पाझरलाय."

मला राहवलं नाही. "मॅडम, आमचा पत्रा गळत होता."

मुली हसल्या. मॅडम तिथूनच बाहेर पडल्या. प्रकाश नंतर एवढंच म्हणाला, "माय, इतक्या दिवसांत तेवढंच कौतुक झालं होतं. तेही पावसाचं."

शेवटचा दिवस उजाडला. कुठे टवका उडाला तर लावायला म्हणून रंगांची पेटी आणली होती. प्रकाश ती दोरीने बांधायला बसला. "जाताना कोणाला तरी देऊन टाकू," म्हणाला.

तेवढ्यात भाजी विकून परत निघालेली एक म्हातारी दारात चपला काढून आत आली. काखेत रिकामी पाटी. बाकीची चित्रं सोडून ती कापूस वेचणाऱ्या बाईपुढे थांबली. त्या बाईचं तोंड दिसत नाही. नुसती वाकलेली पाठ आणि कमरेला कापसाची ओटी. प्रकाश लहान होता तेव्हा त्याला बांधावर बसवून मी वेचणीला जायची, ती मी. हे आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं.

म्हातारी किती तरी वेळ उभी होती. मग तिथेच फरशीवर बसली.

"काय पाहता, अक्का?" मी विचारलं.

"तिले सांग ना माय, जराशी उभी राय. मी उनू तवयपाईन ती वाकेलच शे." ती आल्यापासून चित्रातली बाई वाकलेलीच आहे, असं तिचं म्हणणं.

प्रकाश दोरीला दुसरी गाठ मारत होता. त्याचा हात थांबला. त्याने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माय, जरा सरळ उभी राहा बरं."

खुर्चीचा हात धरून मी उठले. पाठ जमेल तेवढी ताठ केली. प्रकाश दातांनी गाठ सोडत होता.