गाडी मोकळी करा

कल्लाप्पाअण्णांच्या गॅरेजात शिरलं की पहिला हुकूम सुटतो, "गाडी मोकळी करा." म्हणजे तुम्ही उतरायचं, मागं बायको असेल तर तिनं उतरायचं, हँडलला अडकवलेलं हेल्मेटसुद्धा काढायचं आणि चार पावलं मागं जाऊन उभं राहायचं. मग अण्णा गाडीशेजारी उकिडवे बसतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला, आणि डोळे बंद. त्या वेळी कुणी खोकलं तरी त्यांना खपत नाही.

अण्णा मूळचे निपाणीचे, पण चामराजपेटच्या या गल्लीत त्यांची पस्तीस वर्षं गेली. जुन्या फटफट्यांचा आजार कानानं ओळखणारा माणूस म्हणून मला त्यांचा पत्ता मिळाला होता. माझी फटफटी काकांची, वयानं माझ्यापेक्षा मोठी. पुण्याहून इथं नोकरीला आलो तेव्हा मोठ्या हौसेनं ती मागवून घेतली, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात ते किती खरं आहे ते कळलं. ऑफिसला कंपनीची बस होती, त्यामुळं फटफटी निघायची ती सुट्टीला, मला आणि माझ्या बायकोला, मुग्धाला, घेऊनच. धावताना बाई ठणठणीत. सिग्नलला उभी राहिली की मिसिंग सुरू. ठोके चुकायचे, अंगभर थरथर सुटायची आणि मग बंद. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या आमच्या के. आर. पुरमहून चामराजपेटला येईपर्यंत किती सिग्नल लागतात, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मागून हॉर्न, आणि मागच्या सीटवरून मुग्धा माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत असायची.

पहिल्या शनिवारी अण्णांनी गाडी मोकळी करून ऐकली. "हिला काय बी झालेलं नाही वो," ते म्हणाले. खरंच नव्हतं! टकटक टकटक, एक ठोका इकडचा तिकडं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांनी प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला. मुग्धा आणि मी बसून निघालो आणि गल्लीच्या तोंडाशीच गाडी उचक्या द्यायला लागली.

दुसऱ्या शनिवारी पॉइंट घासले, टाकी उपसली. अण्णांनी पेट्रोल हुंगलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"क्लच कसा सोडता तुम्ही?"

"तो कुठलीच गोष्ट वेळेवर सोडत नाही," मुग्धा म्हणाली.

गॅरेजात गाडी पुन्हा शहाण्या बाळासारखी, बाहेर पुन्हा तेच. गाडी खोटं बोलतेय की मी, हेच मला कळेना.

त्या दिवशी दारातल्या स्टुलावर शालनअक्का बसल्या होत्या, अण्णांच्या पत्नी. दुपारी डबा घेऊन येतात आणि अण्णा जेवेपर्यंत थांबतात. चालताना उजवा पाय ओढतात. एकोणीस वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गाडीची ट्रायल घेताना अण्णांनी त्यांना मागं बसवलं होतं. खड्डा आला, त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून अण्णांनी कुणालाही डबलसीट नेलं नाही. 'गाडी मोकळी करा'सुद्धा तेव्हापासूनचंच. "माणूस बसलेलं असलं की माझं ध्यान माणसाकडं जातंय, गाडीकडं नाही," असं अण्णांनीच मला सांगितलं होतं.

तिसऱ्या शनिवारी मुग्धानं साफ सांगितलं की त्या खटाऱ्यावर ती आता बसणार नाही. मी एकटाच निघालो. आणि काय सांगू, एकाही सिग्नलला गाडी चुकली नाही! आनंद व्हायच्याऐवजी माझं डोकंच फिरलं. आता अण्णांना सांगायचं तरी काय?

त्यांनी नेहमीसारखी गाडी मोकळी करून ऐकली. बराच वेळ ऐकली. मग स्क्रू ड्रायव्हर फडक्यानं पुसून बाजूला ठेवला.

"साहेब, मिसिंग करते म्हणता तर करतच असणार. तुम्ही कशाला खोटं बोलाल? माझाच कान गेला. दुसऱ्याची गाडी बिघडवण्यापेक्षा सोमवारी कुलूप घालतो आणि निपाणीला जातो."

ते चिडले नव्हते, म्हणून मी जास्त घाबरलो. एका माणसाची पस्तीस वर्षं मी तीन शनिवारांत मोडीत काढली, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

"आज वहिनी न्हाईत?" शालनअक्कांनी विचारलं.

"नाही आली. आणि आज गाडी येताना नीट आली," मी कबूल करून टाकलं.

"अवो, दारातनं दिसतंय की मला," त्या अण्णांना म्हणाल्या. "वहिनी मागं बसल्या की उचक्या लागतात. तुम्ही तवर दुसऱ्या गाडीपाशी जाऊन बसलेले असता."

अण्णा स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी मला गाडीवर बसवलं. गाडी छान चालू. मी मागच्या सीटवर सरकतो म्हणेपर्यंत शालनअक्का उठल्या होत्या.

"तू नको," अण्णा म्हणाले.

"एकोणीस वर्षं लोकांना उतरवालाय. आता मला बसू द्या."

गाडी मेन स्टँडवर भक्कम होती, तरी त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. त्या बसल्या. एक ठोका चुकला, मग दुसरा, मग सगळी गाडी हलायला लागली. अण्णांनी घाईनं स्क्रू ड्रायव्हर उचलून कानाला लावला.

"ऐकू आलं," ते म्हणाले. "शालन, मला ऐकू आलं!"

सीटखालचा पत्रा मागच्या बाजूला गंजून खचला होता. वजन पडलं की तो कॉइलच्या वायरवर टेकायचा. वायरचं आवरण घासून गेलं होतं, आणि उभ्या गाडीच्या थरथरीत ती उघडी तार चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लागून ठिणगी चुकायची. काम दहा मिनिटांचं निघालं. अण्णांनी तार बदलली, दुसऱ्या बाजूनं ओढून घेतली, पत्र्याला खालून पट्टी दिली.

"बस," ते अक्कांना म्हणाले. त्या बसल्या. गाडी एका लयीत चालू राहिली.

"उतर. आता परत बस."

तपासायला एकदा पुरे होतं, एवढं मलाही कळतं. त्यांनी चार वेळा बसवलं. चौथ्यांदा त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, तुम्ही स्वल्प उतरा की वो."

मी उतरलो आणि सवयीनं चार पावलं मागं जाऊन उभा राहिलो. शालनअक्का उतरल्या नाहीत. अण्णांनी स्टँड काढला, पुढं बसले आणि मान थोडी वळवून विचारलं, "धरलंस न्हवं?"